डोंगरउतारावरील शेती आणि मातीतील मित्रजिवाणू
रिसोड परिसराच्या संदर्भात एक अभ्यास

जुन्या वऱ्हाडाचे भूगोलात दोन भाग मानले जात. पूर्णेच्या खोऱ्यातील सखल, खोल काळ्या मातीचा तो पयनघाट आणि दक्षिणेकडील अजिंठ्याच्या डोंगररांगांवरील उंच पठाराचा तो बालाघाट. आजचा वाशिम जिल्हा हा या बालाघाटाचाच भाग होय. १ जुलै १९९८ रोजी अकोला जिल्ह्यातून तो वेगळा झाला. रिसोड हा त्याच्या नैर्ऋत्य भागातील तालुका असून बुलढाणा जिल्ह्यातून येणारी पैनगंगा याच तालुक्यातून पुढे जाते. नदीकाठी भारी काळी जमीन, तर थोडे वर चढून गेले की मध्यम व पुढे मुरमाड, बरड जमीन, असे चित्र येथे एकाच गावाच्या शिवारातही पाहावयास मिळते.

उताराच्या या जमिनीची अडचण सर्वांना ठाऊक आहे. मातीचा थर उथळ असतो, पावसाच्या प्रत्येक जोरदार सरीबरोबर वरची सकस माती वाहून जाते आणि सेंद्रिय अंश कमी होत जातो. पिकाला भूक लागते ती मुख्यतः नत्राची. ही भूक भागविण्याचा एक मार्ग युरियाच्या गोणीतून जातो. दुसरा मार्ग मातीतील सूक्ष्म जिवाणूंच्या द्वारे जातो. तो स्वस्त आहे, परंतु तो जिवंत वस्तूंचा मार्ग असल्याने त्यात निष्काळजीपणा चालत नाही. हा दुसरा मार्ग नेमका कसा आहे, तो कोठे उपयोगी पडतो व कोठे फसतो, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

हवेतील भांडार आणि त्याची किल्ली

हवेचा सुमारे ७८ टक्के भाग नत्रवायूचा आहे. एका हेक्टर शेतावरील वातावरणात सुमारे सत्तर हजार टन नत्र असतो. असे असूनही त्या शेतातील ज्वारीचे पान नत्राअभावी पिवळे पडते. याचे कारण असे की, नत्रवायूतील दोन अणू एकमेकांना अत्यंत घट्ट बांधलेले असतात आणि वनस्पतीला ते सोडविता येत नाहीत. खत कारखान्यांत हेच काम ४०० ते ५०० अंश सेल्सिअस तापमान आणि वातावरणाच्या दीडशेपट किंवा त्याहूनही अधिक दाब यांच्या साहाय्याने केले जाते. अलिबागजवळील थळ येथील कारखान्यात नैसर्गिक वायू वापरून अमोनिया आणि त्यापासून युरिया तयार होतो.

जे काम कारखान्याला भट्टी पेटवून करावे लागते, ते काही जिवाणू साध्या मातीच्या उष्णतेत करतात. त्यांच्याजवळ नायट्रोजिनेज नावाचे एक विकर असते, तीच या भांडाराची किल्ली होय. शेंगवर्गीय पिके नत्राच्या बाबतीत इतर पिकांहून वेगळी का वागतात, याचा उलगडा १८८६ मध्ये हेलरीगेल आणि विलफार्थ या जर्मन शास्त्रज्ञांनी केला. १८८८ मध्ये हॉलंडमधील बायरिंक यांनी मुळांवरील गाठींतून हे जिवाणू वेगळे करून दाखविले. पुढे त्यांना रायझोबियम हे नाव मिळाले. भारतात या विषयाचा अभ्यास १९२० च्या सुमारास एन. व्ही. जोशी यांच्या संशोधनाने सुरू झाला. १९८३ मध्ये केंद्र शासनाने जिवाणू खतांच्या विकासाचा राष्ट्रीय प्रकल्प हाती घेतला. त्याचे मुख्य केंद्र गाझियाबाद येथे होते आणि एक विभागीय केंद्र नागपूर येथे होते.

गाठ म्हणजे काय?

पुष्कळ शेतकरी मुळांवरील गाठ पाहून तो एखादा रोग असावा असे समजतात. सूत्रकृमीमुळेही मुळांवर गाठी येतात हे खरे. परंतु त्या मुळाच्याच फुगवट्यासारख्या असतात व निघत नाहीत. रायझोबियमची गाठ मुळाला बाजूने चिकटल्यासारखी असते आणि बोटाने सहज सुटी होते.

पेरणीनंतर कोवळ्या मुळांतून काही द्रव्ये मातीत स्रवतात. ती ओळखून त्या पिकाचे जिवाणू मुळाच्या केसांतून आत शिरतात व मूळ त्यांच्यासाठी गाठीचे घर बांधते. पीक पानांत तयार झालेली साखर गाठीकडे पाठविते आणि त्या बदल्यात जिवाणू पिकाला नत्र देतात. हा व्यवहार दोघांच्याही फायद्याचा आहे. गाठ कापली असता आतून गुलाबी अथवा तांबूस दिसली तर हा व्यवहार चालू आहे असे समजावे. हा रंग आपल्या रक्तातील हिमोग्लोबिनशी नाते सांगणाऱ्या एका द्रव्यामुळे येतो. ते द्रव्य गाठीतील प्राणवायूचे प्रमाण योग्य तेवढेच राखते, कारण जास्त प्राणवायूने नायट्रोजिनेज निकामी होते. गाठ आतून पांढरी किंवा हिरवट असेल, तर ती एक तर अजून तयार झालेली नाही किंवा तिचे काम थांबले आहे.

प्रत्येक पिकाचा जिवाणू वेगळा

या विषयातील सर्वांत महत्त्वाची आणि सर्वांत अधिक दुर्लक्षिली जाणारी गोष्ट म्हणजे प्रत्येक पीकगटाचा जिवाणू वेगळा असतो. तूर, मूग, उडीद, चवळी आणि भुईमूग यांचा एक गट आहे. हरभऱ्याचा जिवाणू स्वतंत्र आहे. वाटाणा, मसूर आणि लाख यांचा गट निराळा. मेथी आणि लसूणघास यांचा निराळा. सोयाबीनचा जिवाणू या सर्वांहून वेगळा असून शास्त्रीय भाषेत त्याला ब्रॅडीरायझोबियम जपोनिकम असे म्हणतात.

तूर, मूग व उडीद ही पिके या मातीत शतकानुशतके घेतली जात आहेत. त्यामुळे त्यांचे जिवाणू मातीत आधीपासून वस्तीला आहेत. सोयाबीन मात्र या भागात पाहुणे म्हणून आले आणि गेल्या काही दशकांतच खरीपाचे मुख्य पीक झाले. त्याचा जिवाणू येथील मातीत मुळात नव्हता. तो बियाण्याबरोबर आणावा लागला. यास्तव ज्या शेतात सोयाबीन पूर्वी कधीच घेतलेले नाही, तेथे जिवाणू संवर्धन लावलेल्या आणि न लावलेल्या पिकातील फरक डोळ्यांना दिसण्याइतका स्पष्ट असतो. जेथे वर्षानुवर्षे सोयाबीन घेतले जाते, तेथे जिवाणू मातीत टिकून राहतात आणि फरक कमी दिसतो. म्हणून संवर्धनाचा उपयोग नाही, असा निष्कर्ष मात्र काढू नये. उन्हाळ्यात उथळ बरड जमीन तापते व कोरडी पडते, आणि तेथील जिवाणूंची संख्या घटते. नव्या हंगामात बियाण्याजवळ ताजे आणि कार्यक्षम जिवाणू देणे ही अल्प खर्चात घेतलेली खबरदारी ठरते.

येथे एक सामान्य चूक नमूद केली पाहिजे. खरीपात उरलेले सोयाबीनचे पाकीट रब्बीत हरभऱ्याला लावले जाते. त्याचा काहीही उपयोग होत नाही, कारण एक तर तो जिवाणू हरभऱ्याचा नव्हे आणि दुसरे म्हणजे भुकटी स्वरूपातील संवर्धन साधारणतः सहा महिनेच टिकते.

एका बियाण्याच्या वाट्याला किती?

जिवाणू खते २००६ पासून खत नियंत्रण आदेशाच्या कक्षेत आली. त्यानुसार रायझोबियमच्या भुकटी संवर्धनात प्रत्येक ग्रॅममध्ये किमान ५ कोटी आणि द्रवरूप संवर्धनात प्रत्येक मिलिलिटरमध्ये किमान १० कोटी जिवंत जिवाणू असले पाहिजेत. या आकड्याचे महत्त्व एका साध्या गणिताने समजते.

१० किलो सोयाबीन बियाण्यास २५० ग्रॅम संवर्धन लावले, तर त्यात १,२५० कोटी जिवाणू असतात. शंभर दाण्यांचे वजन १२ ग्रॅम धरले, तर १० किलोत सुमारे ८३ हजार दाणे होतात. म्हणजे प्रत्येक दाण्याच्या वाट्याला सुमारे दीड लाख जिवाणू येतात. आता हेच पाकीट वैशाखाच्या उन्हात तापलेल्या पत्र्याखाली पडून राहिले आणि शंभरांतील नव्व्याण्णव जिवाणू मेले, तर प्रत्येक दाण्याला दीड हजारच मिळतील. पाकीट तेच, वजन तेच, किंमतही तीच. आतील वस्तू मात्र जवळजवळ माती झालेली असते. शेतकऱ्याला हे डोळ्यांनी दिसत नाही. तो विश्वासाने पैसे देतो, पेरणी करतो, गाठी येत नाहीत, आणि “या पाकिटात काही अर्थ नाही” असे मत बनवून कायमचा युरियाकडे वळतो. एका मृत पाकिटाने केवळ एका हंगामाचे नव्हे, तर एका चांगल्या पद्धतीवरील विश्वासाचे नुकसान होते.

म्हणूनच या प्रश्नात अधिकारी, सेवा सहकारी संस्था आणि ग्रामपंचायती यांची जबाबदारी शेतकऱ्यापेक्षा कमी नाही. अनुदानावर वाटप करावयाचे संवर्धन महिनाभर आधी आणून गोदामात टाकण्यापेक्षा पेरणीच्या तोंडावर आणणे, ते थंड व सावलीच्या खोलीत ठेवणे आणि कीटकनाशके किंवा रासायनिक खते यांच्या शेजारी न ठेवणे, एवढे केले तरी बरेच साधते. जाड मातीच्या भिंतींचे जुने घर यासाठी पत्र्याच्या गोदामापेक्षा चांगले. पाकिटावर पिकाचे नाव, उत्पादनाची तारीख, अंतिम तारीख आणि बॅच क्रमांक आहे की नाही, हे वाटपापूर्वी पाहणे हे पंचायत सदस्यांनाही सहज करता येण्याजोगे काम आहे.

बीजप्रक्रियेची रीत

प्रथम बियाण्याची उगवण तपासावी. सोयाबीनची उगवण ७० टक्क्यांपेक्षा कमी असेल तर जिवाणू ती भरून काढू शकत नाहीत. त्यानंतरचा क्रम असा ठेवावा : आधी बुरशीनाशक, मग कीटकनाशक आणि सर्वांत शेवटी जिवाणू. रासायनिक औषधे पेरणीच्या काही दिवस अगोदर लावून घ्यावीत आणि जिवाणू संवर्धन पेरणीच्या अगदी तोंडावर लावावे. जिवाणू आणि रसायन एकत्र कालवणे म्हणजे पाहुण्याला जेवावयास बोलावून ताटात विष वाढण्यासारखे आहे.

भुकटी लावण्यासाठी एक लिटर पाण्यात सुमारे १२५ ग्रॅम गूळ उकळून ते द्रावण पूर्ण थंड करावे. त्यातील आवश्यक तेवढेच द्रावण घेऊन भुकटीचे आंबील करावे आणि ते ताडपत्रीवर पसरलेल्या बियाण्यास हलक्या हाताने लावावे. सोयाबीनचे साल अतिशय नाजूक असते. जास्त पाणी वापरल्यास ते फुगते व सुटते, आणि जोराने चोळल्यास दाणा फुटतो. द्रवरूप संवर्धन असल्यास पाकिटावर दिलेले प्रमाण पाळावे. बियाणे सावलीत सुकवावे आणि त्याच दिवशी पेरावे. उन्हात सुकविलेले बियाणे पेरणे आणि संवर्धन न लावणे यांत फारसा फरक राहत नाही.

पेरणी ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्यावर आणि जमिनीत पुरेशी ओल असतानाच करावी. कोरड्या मातीत पडलेल्या दाण्याबरोबर त्यावरील जिवाणूही सुकतात. उलट नदीकाठच्या भारी जमिनीत पाणी साचले, तर गाठींना हवा मिळत नाही व त्यांचे काम मंदावते. अशा ठिकाणी रुंद वरंबा-सरी पद्धतीने पेरणी केल्यास जादा पाणी सरीतून निघून जाते. हीच सरी पावसाच्या खंडात बरड जमिनीत ओल धरून ठेवण्यासही उपयोगी पडते.

जिवाणू काय करू शकत नाहीत?

कोणत्याही सुधारणेचा अतिरेकी प्रचार तिला मारक ठरतो. यास्तव मर्यादाही स्पष्ट सांगितल्या पाहिजेत.

पहिली गोष्ट, सुरुवातीचे तीन-चार आठवडे गाठी काम करू लागलेल्या नसतात. या काळासाठी शिफारशीतील अल्प नत्र पेरणीच्या वेळी देणे योग्य आहे. परंतु त्यानंतर पीक थोडे फिके दिसताच युरिया फेकणे हिताचे नाही. मातीत तयार नत्र मुबलक मिळू लागला की पीक गाठींचे पोषण कमी करते. जे काम फुकट होत होते ते पैसे देऊन करवून घेण्याचा हा प्रकार आहे.

दुसरी गोष्ट, स्फुरद हवेत नसतो. स्फुरद विरघळविणारे जिवाणू सेंद्रिय आम्लांच्या साहाय्याने मातीत अडकून पडलेला काही स्फुरद पिकास उपलब्ध करून देतात. नवा स्फुरद निर्माण करू शकत नाहीत. चुनखडीयुक्त काळ्या जमिनीत तर त्यांचा परिणाम ठिकाणागणिक बदलतो. त्यामुळे माती परीक्षण करून स्फुरदाची मात्रा ठरविणे आवश्यकच राहते. गाठींनाही त्यांच्या कामासाठी स्फुरद लागतो.

तिसरी गोष्ट, कपाशी, ज्वारी आणि गहू यांच्या मुळांवर रायझोबियम गाठी करीत नाही. या पिकांसाठी ॲझोटोबॅक्टर, ॲझोस्पिरिलम यांसारखे मोकळेपणाने अथवा मुळांलगत राहणारे जिवाणू वापरतात. त्यांच्याकडून मिळणारा नत्र गाठींच्या मानाने थोडा असतो, आणि तोही जमिनीत सेंद्रिय पदार्थ असतील तरच. शेणखत-कंपोस्टाशिवाय जिवाणू म्हणजे चाऱ्याशिवाय बैल होत.

सोयाबीन जमिनीला देते की घेते?

शेंगवर्गीय पीक घेतले की जमीन आपोआप सुपीक होते, असा समज दृढ आहे. सोयाबीनच्या बाबतीत तो तपासून पाहण्यासारखा आहे. सोयाबीनच्या दाण्यात सुमारे ४० टक्के प्रथिने असतात आणि प्रथिनांचा साधारण सव्वासहावा हिस्सा नत्राचा असतो. एकरी ८ क्विंटल दाणा निघाला, तर त्यात सुमारे ५० किलो नत्र शेताबाहेर जातो. युरियाच्या ४५ किलोच्या एका गोणीत सुमारे २० किलो नत्र असतो. म्हणजेच पोत्यांबरोबर अडीच गोण्यांइतका नत्र बाजारात जातो. गाठींनी यांतील मोठा वाटा हवेतून आणला तरच जमिनीचा हिशेब बरोबरीत राहतो. गाठी नसतील, तर तो सारा नत्र मातीतूनच उपसला जातो.

जमिनीला खरोखर परत मिळते ते मुळांतून, गळालेल्या पानांतून आणि कुटारातून. मळणीनंतर कुटार धुऱ्यावर जाळून टाकणे म्हणजे जमा झालेली पुंजी पेटविणे होय. ते जनावरांना घालून शेणखताच्या रूपाने परत आणावे किंवा कंपोस्ट करावे. सोयाबीनच्या ओळींत तुरीचे आंतरपीक घेण्याची या भागातील रीतही या दृष्टीने उपयुक्त आहे. तुरीची मुळे खोल जातात आणि तिचा पाला भरपूर गळतो. उतारावर आडवी पेरणी आणि बांधबंदिस्ती केली, तर हा सेंद्रिय अंश जागेवर राहतो. जिवाणूंचे घर जर पावसात वाहून जाणार असेल, तर त्यात वस्ती करण्यास कोणाला बोलावणार?

डोंगरी प्रदेशांचा धडा

मित्रजिवाणूंचा प्रश्न हिमालयातही आहे, पण उलट बाजूने. १९२४ मध्ये बोशी सेन यांनी कोलकात्यात सुरू केलेली आणि पुढे अल्मोड्यास स्थलांतरित झालेली प्रयोगशाळा आज विवेकानंद पर्वतीय कृषि अनुसंधान संस्था म्हणून ओळखली जाते. तेथील शास्त्रज्ञांनी थंड प्रदेशातील मातीतून व मुळांतून थंडीतही काम करणारे जिवाणू शोधून गव्हासारख्या पिकांवर त्यांचा अभ्यास केला. कारण मैदानातील जिवाणू तेथील थंडीत सुस्त होतात. आपल्याकडे अडचण थंडीची नसून उन्हाळ्यातील तापलेल्या मातीची आणि पावसाच्या खंडाची आहे. परंतु तत्त्व एकच आहे : जिवाणू त्या मातीत, त्या हवामानात टिकणारा असला पाहिजे. दूरच्या प्रदेशातून आलेल्या पाकिटाऐवजी विदर्भातील मातीत पारखलेले संवर्धन घेणे म्हणूनच श्रेयस्कर. अकोला येथील डॉ. पंजाबराव देशमुख कृषि विद्यापीठ, जे २० ऑक्टोबर १९६९ रोजी स्थापन झाले, आणि रिसोड तालुक्यातच करडा येथे असलेले कृषि विज्ञान केंद्र यांचा सल्ला या कामी घेता येतो.

शाळा आणि पंचायत यांच्यासाठी एक प्रयोग

हा विषय भाषणापेक्षा प्रयोगाने लवकर पटतो. शाळेच्या परसबागेत किंवा गावातील एखाद्या शेतात सोयाबीनचे दोन पट्टे पेरावेत. एकात संवर्धन लावलेले आणि दुसऱ्यात न लावलेले बियाणे असावे. न लावलेले बियाणे आधी पेरावे, म्हणजे हातावरील व तिफणीतील जिवाणू त्यास लागणार नाहीत. बाकी सर्व मशागत सारखी ठेवावी. पेरणीनंतर पस्तीस ते चाळीस दिवसांनी प्रत्येक पट्ट्यातून दहा-दहा झाडे घ्यावीत. झाड ओढून काढू नये, गाठी मातीतच राहतात. फावड्याने मातीसह उचलून मुळे पाण्यात अलगद धुवावीत. विद्यार्थ्यांनी गाठी मोजाव्यात, काही गाठी शिक्षकांनी पात्याने कापून आतील रंग दाखवावा आणि आकडे फळ्यावर मांडावेत.

दोन्ही पट्ट्यांत गाठी भरपूर आणि गुलाबी असतील, तर त्या शेतात जिवाणूंची वस्ती चांगली आहे असे समजावे. लावलेल्या पट्ट्यातच अधिक असतील, तर संवर्धनाने काम केले. दोन्हींत नसतील, तर पाकीट मृत होते, की जमिनीत पाणी साचले, की युरिया जास्त पडला, याचा शोध घ्यावा. ही नोंद ग्रामसभेत वाचून दाखविली आणि पुढील हंगामाची खरेदी तिच्या आधारे ठरविली, तर पाकिटाची पारख गावाच्या हाती येईल. पुरवठादाराला प्रश्न विचारण्यासाठी गावाजवळ मग तक्रार नव्हे, तर पुरावा असेल.

बालाघाटाच्या उताराची माती उथळ आहे आणि ती लवकर खोल होणार नाही. परंतु त्या उथळ मातीतही हवेचे भांडार उघडण्याची किल्ली आहे. ती किल्ली जिवंत ठेवणे हे दुकानदारापासून ग्रामसेवकापर्यंत आणि शिक्षकापासून शेतकऱ्यापर्यंत सर्वांचे सामाईक काम आहे. येत्या मृगापूर्वी प्रत्येक गावाने निदान एक पट्टा या प्रयोगासाठी राखून ठेवावा.